अठरा इंच, चार सूत

मुलीने बंदूक विकत घेतली तेव्हा मी फारसं बोलले नाही. ती कापायला काढली तेव्हा मात्र माझे कान टवकारले.

मुलगी आमची गाईगुरांची डॉक्टर. इकडे पार्सिपनीच्या आमच्या घरात लहानाची मोठी झाली. तिच्या बरोबरीची मुलं-मुली पडद्यासमोर बसून पोटं सुटेपर्यंत कमावताहेत, आणि ही आमच्यापासून अडीच तासांवर पेनसिल्व्हेनियात गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरं बाहेर काढते. राहते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या घरात, भाड्याने, एकटी. तो शेतकरी विधुर. शेताच्या दुसऱ्या टोकाला नवं लहानसं घर बांधून राहतो. त्यानेच रीतसर कागदपत्रं करून तिला ती शॉटगन विकली. साधी, स्वस्तातली, एका वेळी एकच काडतूस घेणारी; मधोमध मोडून उघडायची. तिच्या लाकडी दस्त्यावर कुत्र्याच्या दातांचे व्रण होते. टेकडीमागच्या पडीक शेतात म्हातारा एका यंत्राने मातीच्या तबकड्या हवेत फेकायचा आणि ही त्या उडवायची. तिकडे शनिवारची करमणूक हीच. आपण पत्ते कुटतो तसं.

आमच्या ह्यांना त्याचं भारी आकर्षण. हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, हत्यारं-साचे घडवायच्या खात्यात, होते, मग इकडे येऊन तीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासत बसले, आणि निवृत्त झाल्यावर काय करावं ते त्यांना कळेना. लेकीने एकदा बंदूक हातात दिली आणि झालं. दर शनिवारी आमची गाडी पश्चिमेला. मला तो आवाज सोसत नाही, म्हणून मी मागे घरात राहून बापलेकींसाठी स्वयंपाक करायची. पोळ्या लाटता लाटता टेकडीपलीकडून एकेक बार ऐकू यायचा.

एप्रिलमधल्या एका शनिवारी बार ऐकू आलेच नाहीत. बघायला गेले तर दोघं बार्नमध्ये, जुन्या कोठारात. बंदुकीची नळी व्हाइसमध्ये आवळलेली, खाली वर्तमानपत्र, त्यावर लोखंडाचा कीस. लेक हॅकसॉ चालवत होती आणि हे शेजारी उभे राहून सूचना देत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"शॉर्ट करतोय, आई," लेक म्हणाली. "फ्रंट हेवी आहे. तबकड्यांसाठी लाइट बरी."

"तू एवढ्या गाई ओढतेस आणि तुला बंदूक जड होते?"

तिने बापाकडे पाहिलं. बापाने कानस उचलली आणि तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. हे मी टिपून ठेवलं. माझा स्वभावच तसा आहे. दुकानदार वजन करताना हसला तरी मी काट्याकडे बघते. हे म्हणतात, हिला देव भेटला तरी ती आधी त्याचं ओळखपत्र मागेल. मागेन की. इतकी वर्षं ह्या देशात राहून मी कुणाकडून फसलेली नाही, ते काय उगीच?

शिवाय आणखी एक गोष्ट मला खटकली. टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस, लोखंडाला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर ज्याचा जीव खालीवर होतो, तो लेकीच्या हातात हॅकसॉ देऊन नुसता बघत उभा? मी मनाशी म्हटलं, शिकवत असतील.

त्या दिवशी जाताना म्हातारा फाटकाशी भेटला. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की ह्या खेळाला नळी आखूड बरी का लांब? तो म्हणाला, लांब. लांब नळी हवेत एकसारखी फिरते, नेम धरायला सोपी जाते. मग आखूड कशाला ठेवतात लोक? त्याने टोपी मागे सारली. "घरात," तो म्हणाला. "पलंगाच्या मागे. खोलीत वळवायला सोपी."

परतीच्या अडीच तासांत मी सगळा हिशेब जुळवला. आमची पोरगी कुणाला तरी घाबरते आहे. माझ्यापुरतं ते त्या दिवशीच ठरलं. एकटी बाई, आडरानातलं घर, रात्रीबेरात्री कुणाच्याही गोठ्यात जायचं काम. कुणी तरी तिच्या मागावर आहे, आणि ती बंदूक तबकड्यांसाठी नसून त्या माणसासाठी आहे. ह्यांना ते ठाऊक आहे, आणि दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलं आहे. कोण, कुठला, कधीपासून, हे तेवढं मला शोधून काढायचं होतं, आणि पोरीला उचलून पार्सिपनीला परत आणायचं होतं. तिच्या खोलीतलं माझं शिवणाचं मशीन मी दुसऱ्याच दिवशी खाली तळघरात हलवलं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. आधी अर्थातच घरातल्या माणसावर, कारण सापडायला तो सोपा.

ह्यांचं काही तरी बिनसलं होतं. जन्मभर बटणांचे सदरे घालणारा माणूस अचानक टी-शर्ट घालायला लागला. विचारलं तर म्हणे, उन्हाळा आहे. गाडी चालवायला कुणाच्या हातात न देणारा माणूस हायवेवर चढायच्या आधीच किल्ली माझ्यापुढे धरायचा, "तू चालव, मला झोप येते." आणि वरण-भात चमच्याने. ह्या माणसाने इथल्या ऑफिसच्या पार्टीतसुद्धा साहेबांसमोर हाताने भात कालवलेला मी पाहिलाय, आणि तो आता घरच्या ताटावर बसून चमचा मागतो. मी म्हटलं, "काय हो, वरण उष्टं होतंय का हाताने?" तर हसले. माझी खात्री झाली की मनात चिंता आहे. चिंतेत माणसाला जेवणाची चव राहत नाही, मग हात कशाला बरबटवा.

फोन आला की हे गराजमध्ये जायचे. गराज आणि कपडे धुवायची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या घरचे कपडे फार स्वच्छ राहिले. एकदा ह्यांचा आवाज आला, "अजून काढता येईल ना थोडी?" स्पीकरवर लेक म्हणाली, "येईल, बट अठराच्या खाली नाही हं, बाबा. अठराच्या खाली इट्स अ फेलनी. जेल." मग ती म्हणाली, "आईला कधी सांगायचं?"

"नको इतक्यात," हे म्हणाले. "तुला माहितेय ना ती कशी आहे."

मी भिंतीशी उभी, हातात ओला टॉवेल. कशी आहे मी? त्या दिवशी मी ह्यांना रात्री नुसती खिचडी वाढली. चमच्यासकट.

जूनमध्ये नळी पुन्हा कापली. मला सांगितलं कुणी नाही, पण मला दिसतं ना. आधी दस्ता जमिनीवर टेकवला की टोक माझ्या बेंबीच्या वर यायचं, ते आता खाली आलं. टोकाला नेम धरायचा पितळी मणी असतो, तोही नवा बसवला होता. पोरगी दर भेटीगणिक बंदूक आखूड करते आहे, म्हणजे तो जो कोण आहे तो जवळ जवळ येतो आहे, असा मी अर्थ लावला. मला झोप लागेना. शेवटी मी बेसनाचे लाडू केले, डबा भरला आणि शनिवारी हे दोघं बार्नमध्ये गेल्याबरोबर शेत ओलांडून त्या म्हाताऱ्याच्या दारात गेले.

माणसाच्या तोंडात लाडू असला की त्याला पटकन खोटं बोलता येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याने पहिला घास घेतला आणि मी विचारलं, "माझी मुलगी कोणाला घाबरते?"

त्याने सावकाश चावलं. खिडकीबाहेर टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या माहितीत तरी, मॅडम, फक्त तुम्हाला."

मी डबा तिथेच ठेवून परत आले. फार रागावले होते. म्हातारासुद्धा ह्यांना सामील. ट्रकवाला, दूध न्यायला येणारा, शेजारच्या शेतावरचा तो हिरव्या टोपीचा, जो नेहमी हात हलवायचा, सगळ्यांची नावं मी मनातल्या मनात लाल शाईने लिहिली होती. आता त्यात ह्या म्हाताऱ्याचं नाव घातलं. खिडकीतून ऐकत राहिले. पूर्वी बार कसे लागोपाठ यायचे. आता एक बार, मग इतका वेळ शांतता की माझी पोळी फुगून खाली बसायची, मग दुसरा. म्हटलं, फोनवर बोलत असेल पोरगी. त्या माणसाचेच फोन असणार.

आणि मग तो डाग. ऑगस्टमध्ये हे आंघोळ करून बाहेर आले आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर मला निळं-जांभळं दिसलं. तळहाताएवढं.

"हे काय?"

"बार्नचं दार लागलं."

मी जवळ जाऊन बघितलं. दार लागल्याचा डाग असा गोल नसतो. बंदुकीचा म्हणावा, तर बंदूक खांद्याला मागे धक्का देते हे मलाही कळतं, पण माणूस उजव्या हाताचा असला तर दस्ता उजव्या खांद्याला लावतो. हे पक्के उजव्या हाताचे. तेव्हा बंदूक बाद. एवढा सगळा तर्क मी टॉवेल घडी करता करता केला आणि स्वतःवर खूश झाले. मग राहिलं काय? मारामारी. त्या माणसाशी ह्यांची गाठ पडली असणार. सदुसष्ट वर्षांचा माणूस, लेकीसाठी कुणाच्या अंगावर गेला आणि मार खाऊन आला, आणि मला दाराची गोष्ट सांगतो. मला राग आला आणि रडूही आलं. मी त्यावर हळद-तेल लावलं. ह्यांनी निमूट लावून घेतलं. एरवी हळदीचे डाग पडतात म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस.

मी ठरवलं, दसऱ्यापर्यंत थांबायचं. खंडेनवमीला आम्ही दर वर्षी हत्यारांची पूजा करतो. पिंपरीला टूलरूममध्ये मशीन बंद ठेवून करायचे, इथे गराजमध्ये करतात. पान्हे, कानस, व्हर्निअर, ड्रिल, माझं शिवणाचं मशीन, माझी कात्री, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. ह्या वर्षी लेक म्हणाली, माझ्याकडेच करू, माझी पण हत्यारं आहेत. तिथे सगळे एकत्र असताना मी विषय काढणार होते आणि पोरीला गाडीत घालून घरी नेणार होते. गाडीची मागची सीट मी आदल्या रात्रीच रिकामी करून ठेवली.

नवमीला सकाळी लेक आणि हे झेंडू आणायला गेले आणि मी बार्नमध्ये एकटी राहिले. बाकावर स्वच्छ पंचा अंथरून लेकीने हत्यारं मांडली होती. तिचे चिमटे, खुरं तासायच्या सुऱ्या, वासरू ओढायचे दोर, ह्यांची पिंपरीपासूनची कानस. मधोमध बंदूक, मोडून उघडलेली, रिकामी. पुन्हा कापली होती. आता ती बंदूक कमी आणि नळाचा तुकडा जास्त वाटत होती.

माझ्या पिशवीत माझी टेप असते. कापडी, पिवळी, लग्नात पुण्याहून आणलेली. पार्सिपनीतल्या निम्म्या मराठी बायकांची ब्लाउजं मी त्या टेपवर बेतली आहेत. ती नळीच्या मागच्या तोंडाला लावली आणि पुढच्या टोकापर्यंत नेली. पुन्हा लावली. दोन्ही वेळा अठराला कमी.

अठराच्या खाली इट्स अ फेलनी. भिंतीपलीकडून ऐकलेलं ते वाक्य मला पाठ होतं. मी गवताच्या गठ्ठ्यावर बसले. कुणापासून तरी जीव वाचवायच्या नादात पोरीने स्वतःलाच तुरुंगात घालायची सोय केली होती. डॉक्टरकीचं लायसन जाईल. आणि हे! मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी माणसांना घरी पाठवणारा हा माणूस, ह्याने हे कापू दिलं?

दोघं झेंडू घेऊन आत आले तसं मी टेपच पुढे धरली.

"किती ठेवलीत?"

"काय किती?" हे म्हणाले.

"नळी. कायद्याने अठरा पाहिजे ना? मला सगळं माहितेय. माझ्या टेपवर अठरा भरत नाहीत."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा?"

ह्यांनी मात्र टेप बघितली आणि हसायला लागले. कित्येक महिन्यांत इतके हसले नव्हते. "अगं, तुझी ही टेप! किती वर्षं सांगतोय, ती ताणलीय. कापड आहे ते. तिचा इंच आता इंच राहिलेला नाही."

"माझं एक ब्लाउज कधी चुकलं नाही."

"कसं चुकेल? बाईही त्याच टेपने मोजतेस आणि कापडही त्याच टेपने. चुकलं तर दोन्हीकडे सारखंच चुकतं." मग लेकीला म्हणाले, "स्टीलची पट्टी घे. दाखव तिला."

लेकीने पट्टी लावली. मी चष्मा लावून, नाक टेकवून वाचलं. अठरा इंच आणि वर चार सूत, म्हणजे अर्धा इंच जास्त. ह्यांच्या टूलरूमच्या भाषेत इंचाचे आठ सूत. "कायद्याच्या काठावर मी कधी काम करत नाही," हे म्हणाले. "चार सूत ठेवले आहेत." तिघंही हसलो. मला इतकं हलकं वाटलं की जो विषय काढायचा तो पूजेनंतर काढू म्हटलं. पट्टी लेकीने का लावली, ह्यांनी स्वतः का नाही, हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरून तसंच निघून गेलं.

मग हे पूजेला उभे राहिले. मी कुंकवाचा करंडा उघडून पुढे धरला. ह्यांनी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि बंदुकीच्या दस्त्याला लावलं.

आपल्यात डाव्या हाताने कुणाला लवंग देत नाहीत, तिथे हे पूजा करत होते. ह्यांच्या आईने लहानपणी ह्यांचा डावा हात ताटाकडे गेला की चापट मारलेली, ते हेच सांगायचे. मी मनगट धरलं. "अहो, उजव्या हाताने."

हे थांबले. पण उजवा हात वर आला नाही.

"आई, राहू दे ना," लेक म्हणाली.

"काय राहू दे? पूजा आहे ही." मी ह्यांचा उजवा हात धरला आणि कुंकवाकडे नेला. तो मी नेला तसा आला. बोटं मिटलेली, ती मी सरळ केली तर सरळ झाली, सोडली तर पुन्हा मिटली. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं तिथे खळगा होता. ह्या हाताला मी चाळीस वर्षं ओळखते, आणि तो माझ्या हातात कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा पडून होता.

मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे झेंडूकडे बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जानेवारी. फेब्रुवारीत कळलं नक्की."

मग लेकीने सांगितलं. मज्जातंतूंचा आजार आहे. हातापासून सुरू होतो, पुढे जातो. औषधाने थोडा हळू होतो, थांबत नाही. ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत बोलत होती आणि मधेच थांबत होती. चाप ओढायला उजवं बोट वळेना, तेव्हा ह्यांनी दस्ता डाव्या खांद्याला लावायला सुरुवात केली. उजव्या हाताला फक्त नळीखाली आधार द्यायचं काम ठेवलं. पण पुढचं वजन त्या हाताला पेलेना, म्हणून थोडी कापली. उन्हाळ्यात तेवढंही पेलेना, म्हणून आणखी. "मी म्हटलं, वी कॅन बाय अ यूथ मॉडेल. लहान मुलांची असते, लाइट. तर बाबा म्हणाले—"

"पोरांची बंदूक घेऊ का मी ह्या वयात?" हे म्हणाले.

आता मला असा राग आला की हातातला करंडा मी बाकावर ठेवून दिला. "हिला सांगितलंत," मी म्हटलं. "गाईंच्या डॉक्टरला. मला नाही. मी भिंतीला कान लावून मरतेय इथे, पोरीच्या मागे कोण लागलंय म्हणून. त्या म्हाताऱ्याला माहीत असेल, त्याच्या कुत्र्याला माहीत असेल. आणि मी?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू मला घास भरवायला लागली असतीस," हे म्हणाले. "भरवायचंच आहे तुला पुढे. मला एक उन्हाळा हवा होता, अगं. नुसता बाप म्हणून इथे यायचं, तबकड्या उडवायच्या, चुकवायच्या. तू स्वयंपाकघरातून सगळ्या जगावर संशय घेतेयस, ते ऐकायचं. मला ते फार बरं वाटायचं."

मी रडले. बार्नमध्ये, हत्यारांसमोर, तोंडाला पदर न लावता रडले. ह्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. कुंकू लागलेला होता, ते माझ्या ब्लाउजला लागलं. लेकीने राहिलेल्या हत्यारांना फुलं वाहिली, मग येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

डोळे पुसल्यावर मी पहिली गोष्ट विचारली ती तिला. "आणखी थोडी कापता येईल का?"

"नाही, आई."

"चार सूत आहेत ना वर?"

"तेवढं ठेवायलाच लागतं. खाली गेलं की क्राइम."

"मग मागचं लाकूड काप. लाकडाला कोण विचारतंय?"

"मागे कापून पुढचं वजन कमी नाही होत. आणि एकूण लांबीलापण लिमिट आहे." ती हळूच म्हणाली, "वी चेक्ड. एव्हरीथिंग. आता कापायला काही नाही उरलं."

मी बंदुकीकडे बघितलं. सहा महिने मी तिचा एकेक इंच मोजत होते, आणि आता ती मला फार लांब वाटत होती.

जेवणं झाल्यावर हे म्हणाले, नवमी आहे, एक तरी बार काढू. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात थांबले नाही. लेकीने आवाज अडवायला कानांवरची मोठी झाकणं दिली, ती लावली आणि पहिल्यांदाच टेकडीपलीकडे गेले. म्हातारा यंत्राशी बसला होता. मला बघून त्याने टोपी काढली. मी त्याला लाडूच्या डब्याचं विचारलं नाही.

लेकीने काडतूस घातलं, बंदूक मिटवली आणि ह्यांच्या डाव्या खांद्याला लावून धरली. मग ह्यांनी डाव्याच हाताने उजव्याचं मनगट धरून तो उचलला आणि नळीखाली ठेवला. नळी वर गेली, थरथरली आणि हळूहळू खाली यायला लागली. ह्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा खाली. बारांमधली ती लांबलचक शांतता, जिच्यात माझ्या पोळ्या फुगून बसायच्या, ती ही होती.

मी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी ह्यांच्या उजव्या बाजूला, जरा मागे जाऊन उभी राहिले आणि ह्यांच्या कोपराखाली माझा तळहात धरला. ह्यांनी वळून बघितलं नाही. हात मात्र सोडून दिला, सगळा, माझ्यावर.

बंदूक कापून कापून अगदी हलकी झाली होती. माझ्या तळहातावर जे आलं ते ह्यांच्या हाताचं वजन होतं.